ऐनवेळचे विषय

“इथं कारण काय लिहू, मॅडम?”

प्रवेश रद्द करण्याचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून ती मुलगी उभी होती. बाकी सगळं भरून झालं होतं. सारिका भगवान दुधाटे, बी.एस्सी. प्रथम वर्ष, सूक्ष्मजीवशास्त्र, मुक्काम बोरगव्हाण. कारणाची एक ओळ तेवढी कोरी होती. बाहेर खिडकीवर बसणाऱ्या कुरेशींनी तिला सांगितलं होतं, ‘घरगुती कारण’ लिही, सगळ्या तेच लिहितात. तिनं ते लिहायला नकार दिला, म्हणून त्यांनी वैतागून तिला आत पाठवलं होतं.

“घरी काहीच कारण नाही,” ती म्हणाली. “घरचे तर शिक म्हणतात. मग घरगुती कसं लिहू?”

“मग खरं काय आहे ते लिही.”

“खरं म्हणजे बस.”

आमचं विद्यापीठ खासगी आणि नवं होतं. तेव्हा त्याला सहावं वर्ष लागलं होतं. जिल्ह्याच्या गावापासून सोळा किलोमीटरवर, उघड्या माळावर चार इमारती आणि एक पाण्याची टाकी. मी तिथं प्रवेश विभागाची प्रमुख होते. किती विद्यार्थी आले, किती गेले, का गेले, हे कुलगुरूंना सांगायचं आणि वर्षातून दोनदा नियामक मंडळापुढे मांडायचं, हे माझं काम. संस्था मंडळाच्या हातात होती. मंडळ म्हणेल तेच व्हायचं.

“बसचं काय?” मी विचारलं.

“शेवटची एसटी फाट्यावरनं पावणेपाचला जाते. आमचं प्रॅक्टिकल सव्वापाचला सुटतं. आठवड्यातनं तीन दिवस. मग काळी-पिवळीनं जावं लागतं.”

काळी-पिवळी म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटत नाही.

“नऊची जागा असते. अठरा बसवतात. पोरगी दिसली की माणसं मुद्दाम...” ती थांबली. फॉर्मची कड नखानं दुमडत राहिली. “गावात पोचेस्तोवर अंधार पडतो. आई गावच्या फाट्यावर येऊन उभी राहते. तिला गुडघ्याचा त्रास आहे. आधी आमच्या गावच्या आम्ही अकराजणी होतो. आता तिघी उरलो.”

मी कपाटातून त्या वर्षीच्या रद्द फॉर्मांची फाईल काढली. अडतीस फॉर्म होते. आकडा मला पाठ होता, कारण कुलगुरू दर सोमवारी विचारायचे. पण फॉर्म मी नुसते मोजले होते, वाचले नव्हते. आता तिच्यासमोर बसून एकेक पत्ता वाचला. अडतिसातल्या एकोणतीस मुली. त्यातल्या चोवीस बोरगव्हाणच्या रस्त्यावरच्या सात गावांमधल्या. आणि प्रत्येकीच्या कारणात तेच दोन शब्द.

“तुला शिकायचंय ना?” मी विचारलं.

“म्हणून तर आठजणी गेल्या तरी थांबले.”

“मग हा फॉर्म माझ्याजवळ राहू दे. महिनाभर थांब. पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे. तिथं मी हा विषय मांडते. विद्यापीठाची स्वतःची बस लावून घेऊ.”

“होईल?”

“होईल. मी मांडणार म्हटलं ना.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि एकदम हसली. पुढचा एक दात किंचित तिरका होता तिचा.

“मग त्या दोघींनापण सांगते, थांबा म्हणून.”

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. रद्द प्रवेश या वर्षी चाळीसच्या आत राहू द्या, असं कुलगुरूंनी मला बजावलं होतं. सारिकाचा एकोणचाळिसावा होता. त्या दोघींचे धरले तर एक्केचाळीस. तिची कीव मला आली होती, ती खोटी नव्हती. पण हा हिशेबही त्याच वेळी माझ्या डोक्यात होता, आणि तो मी तिला सांगितला नाही.

त्या आठवड्यात मी टिपण लिहायला घेतलं. सात गावं, चोवीस मुली, एसटीच्या वेळा, प्रॅक्टिकलच्या वेळा, एका बसचा खर्च. संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभी राहिले आणि जीपमध्ये माणसं कशी कोंबतात ते डोळ्यांनी पाहिलं. एका जीपला मागं लोंबकळणारी चार माणसं मोजली. तेही लिहिलं. टिपण अकरा पानांचं झालं. इतकं मनापासून मी नोकरीत पूर्वी काही लिहिलं नव्हतं.

कुलगुरू डॉ. बिडवई यांनी ते सगळं वाचलं. वरवर चाळलं नाही, पेन्सिल हातात घेऊन वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. कॉलेजात लेक्चरर असताना मला या पदावर त्यांनीच आणलं होतं, आणि माझ्या वडिलांच्या आजारपणात दोन महिने मला घरून काम करू दिलं होतं.

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “प्रत्येक शब्द खरा आहे. पण जोंधळे मॅडम, मंडळापुढं हे असं नेतात का?”

“का सर?”

“तिथं बसलेल्यांना तीन गोष्टी कळतात. किती आले, किती गेले, गेल्या वर्षीपेक्षा कसं. अकरा पानं कोण वाचणार? एका पानावर आणा.”

“एका पानावर आणते. पण बसचं त्यात राहील.”

ते उठून खिडकीशी गेले. समोर माळावर नव्या इमारतीच्या जागेची आखणी झाली होती, चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या.

“याच बैठकीत आपण दुसऱ्या टप्प्याची इमारत मागतोय. प्रयोगशाळा, मुलींचं वसतिगृह, सगळं त्यात आहे. त्याच दिवशी तुम्ही सांगणार की मुली सोडून चालल्यात. मंडळ काय म्हणेल? आहेत त्या खोल्या भरत नाहीत, नव्या कशाला? वसतिगृह झालं तर तुमच्या मुलींचा प्रश्न कायमचा सुटेल. एका बसपायी ते घालवायचं का?”

“पण सर, वसतिगृहाला दोन वर्षं लागतील.”

“बसचं जानेवारीत घेऊ. वित्त समितीकडून रीतसर आणू. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “मी काढून टाका म्हणत नाही. तुमचं टिपण आहे, तुम्ही ठरवा.”

ते ‘काढा’ म्हणाले असते तर कदाचित मी भांडले असते. माझ्या मनाशी मी पुष्कळ वेळा तसं म्हणून पाहिलंय. पण त्यांनी ठरवणं माझ्यावर सोपवलं, आणि मी माझ्या खोलीत जाऊन, दार लावून, ते टिपण एका पानावर आणलं. त्या पानावर बस नव्हती.

बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी झाली. अध्यक्ष टाकसाळे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानाला यंत्र, अंगात खादीचा अर्ध्या बाहीचा शर्ट. शिपायानं पाणी आणलं तरी त्याला ‘आभारी आहे’ म्हणायचे. मी उभी राहिले आणि सात मिनिटांत सगळं सांगितलं. चारशे वीस जागा, तीनशे शहाण्णव प्रवेश, गेल्या वर्षीपेक्षा अकरा टक्के वाढ. रद्द प्रवेश अडतीस.

“अडतीस का गेले?” मंडळावर एक वकीलबाई होत्या, त्यांनी विचारलं.

“बहुतेकांची घरगुती कारणं आहेत,” मी म्हणाले.

सारिकानं जे लिहायला नकार दिला होता ते शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेले की मला स्वतःलाच ते ऐकू आले नाहीत. बाईंनी मान हलवली. कुणीतरी टेबलावर हलकेच थाप मारली, मग बाकीच्यांनीही मारली. इमारत मंजूर झाली. विषयपत्रिकेच्या शेवटी आल्यावर टाकसाळे साहेबांनी नेहमीप्रमाणे चष्मा काढला.

“ऐनवेळचे विषय. कुणाला काही?”

त्यांची नजर टेबलावरून फिरत माझ्यापाशी येऊन थांबली.

“जोंधळेबाई, तुम्ही पोरांच्यात असता. आम्ही इथं येऊन चहा पिऊन जातो. आम्हाला माहीत असायला हवं असं काही राहिलंय का?”

डॉ. बिडवई समोरचे कागद सारखे करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय फरक पडला असता, कोण जाणे.

“नाही सर,” मी म्हणाले. “सगळं ठीक आहे.”

सोमवारी सारिका आली. माझ्या दारात उभी राहून तिनं नुसत्या भुवया उंचावल्या.

“जानेवारीत,” मी म्हणाले.

“म्हणजे मंडळानं मान्य केलं?”

“चालू आहे. जानेवारीत होईल.”

“मग तीनच महिने,” ती म्हणाली. “काढू. आता थंडीत दिवस लवकर बुडतो, तेवढंच.” आणि जाता जाता वळून म्हणाली, “मी आईला सांगितलंच होतं, मॅडम मांडणार म्हणजे मांडणार.”

नोव्हेंबरमध्ये ती मला दोनदा भेटली. एकदा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, एकदा कँटीनपाशी. बसबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दह्यातले जंतू पाहिले ते सांगत होती. “आमच्या घरचं विरजण आणलं होतं मी, मॅडम. सरांनी सगळ्या वर्गाला दाखवलं.” मी घाईत होते. छान, छान म्हटलं आणि पुढे गेले.

अकरा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी सव्वासातला कुरेशींचा फोन आला. ते जिल्ह्याच्या गावात सरकारी दवाखान्याजवळ राहायचे.

“मॅडम, बोरगव्हाणच्या रस्त्याला काळी-पिवळी उलटलीय. उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागं दिवा नव्हता. आपल्या मुली आहेत त्यात.”

“किती?”

“तिघी. दोघी बोलतायत.”

मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात गर्दी होती. बाकावर एक मुलगी हाताला फळी बांधून बसली होती, दुसरीच्या कपाळाला टाके घालत होते. सारिका आतल्या खोलीत होती. तिच्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र तसंच होतं. पोलिसांनी मला विचारलं, ही तुमची विद्यार्थिनी का? मी हो म्हणाले. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. जीपमध्ये एकोणीस माणसं होती. चार गेली. सारिका मागच्या दारापाशी बसली होती, कारण आत माणसं अंगाला लागायची. हे मला हाताला फळी बांधलेल्या मुलीनं सांगितलं.

तिचे आई-वडील यायच्या आधी मी तिथून निघून आले. हेही सांगायला हवं.

आठव्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक झाली. वर्तमानपत्रात विद्यापीठाचं नाव आलं होतं, फाट्यावर मुलांनी रास्ता रोको केला होता. टाकसाळे साहेब त्या आठवड्यात फार थकल्यासारखे दिसत होते. त्यांच्यासमोर कुणीतरी एसटीचं वेळापत्रक आणि आमच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं होतं.

“पावणेपाच आणि सव्वापाच,” ते म्हणाले. “अर्ध्या तासाचा फरक. हे इथं कुणालाच माहीत नव्हतं?”

डॉ. बिडवई खाकरले. “सर, विषय जानेवारीत वित्त समितीकडून येणारच होता...”

“माझ्याकडे माहिती होती, सर,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. बसल्या जागी बोलत होते ते लक्षात आलं, म्हणून उठून उभी राहिले.

“सप्टेंबरपासून होती. चोवीस मुली याच कारणानं सोडून गेल्या होत्या. मी टिपण केलं होतं. इथं आणताना त्यातलं बसचं सगळं मी काढलं. आणि जी मुलगी गेली, तीही सोडून चालली होती. मी तिला थांबवलं. बस होणार म्हणून सांगितलं.”

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. टाकसाळे साहेबांनी कानाचं यंत्र चाचपलं, नीट ऐकू आलं नाही की काय म्हणून. मग फार हळू म्हणाले,

“मी तुम्हाला विचारलं होतं, बाई.”

“हो सर.”

“नाव घेऊन विचारलं होतं.”

“हो सर.”

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, एखादं गणित कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखे. मग समोरचा कागद ओढून घेतला आणि बसचा विषय मताला टाकला. बस, ड्रायव्हर, सातही गावांना थांबा, प्रॅक्टिकल संपल्यावरच सुटायचं, सगळं मंजूर झालं. मी घड्याळ बघितलं होतं. दहा मिनिटं लागली.

बाहेर जिन्यात डॉ. बिडवईंनी मला गाठलं. “एवढं सगळं बोलायची गरज नव्हती, मॅडम. याचा आता कुणाला उपयोग?” “तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत.”

“काढलं मीच होतं, सर.”

ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मी बोरगव्हाणला गेले. दुधाट्यांची पिठाची गिरणी गावात शिरताना उजव्या हाताला होती, तिच्यामागं दोन खोल्यांचं घर. सारिकाच्या वडिलांच्या भुवयांवर, केसांवर पीठ बसलेलं होतं. गिरणी चालू होती. डब्यांची रांग लागली होती, पण माणूस एकही नव्हतं. लोक डबे ठेवून निघून जात असावेत.

मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी घराकडे हात केला. आत सारिकाची आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. शेजारी एक मुलगी बसून आईच्या गुडघ्याला तेल लावत होती. सारिकाची धाकटी बहीण, दुर्गा. बारावीला होती.

“तुमीच का त्या मॅडम?” आईनं विचारलं. “बसा. दुर्गे, च्या ठेव.”

“चहा नको.”

“घ्या थोडा. सारकी लई नाव काढायची तुमचं.” ती माझ्याकडे निरखून बघत होती. “दिवाळीत तिच्या बापानं म्हनलं होतं, सोड आता, अंधार पडतो, जीव लागत न्हाई आमचा. मी बी म्हनलं. तर म्हनली, आई, जानेवारीत बस व्हनार हाय. मंडळानं केलंय मान्य. मॅडम खोटं बोलायच्या न्हाईत.”

मी रस्ताभर ठरवून आले होते की सांगायचं. दुर्गानं चहा आणून ठेवला. वडील दारात येऊन उभे राहिले होते.

“मंडळानं मान्य केलं नव्हतं,” मी म्हणाले. “मी मांडलंच नव्हतं. मांडायचं राहून गेलं असंही नाही. मांडायचं नाही असं ठरवलं. आणि तिला खोटं सांगितलं.”

आईला ते लगेच कळलं नसावं. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. वडील आत गेले आणि गिरणी बंद करून आले. पट्टा थांबेपर्यंत घरघर हळूहळू उतरत गेली. मग इतकं शांत झालं की चुलीवरच्या भांड्यातलं पाणी उकळताना ऐकू येत होतं.

“काय म्हनलात?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यापासून. फॉर्मचं, अडतीस आणि चाळीसचं, बैठकीचं. टाकसाळे साहेबांनी विचारलं होतं तेही सांगितलं.

“त्यांनी इचारलं होतं?”

“हो.”

“अन् तुमी सगळं ठीक हाय म्हनल्या.”

“हो.”

त्यांच्या हातात पोत्याचं तोंड शिवायचा दाभण होता, तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

“मग आता हे सांगायला कशापायी आलात?”

“तुम्हाला कळायला हवं म्हणून.”

“कळलं,” ते म्हणाले, आणि जाऊन त्यांनी गिरणी चालू केली.

त्या आवाजात पुढे काही बोलणं शक्य नव्हतं. आईनं पदर तोंडात धरला होता. मी उठले. चहा तसाच राहिला होता. दुर्गानं तो न बोलता उचलून नेला.

बस पाच जानेवारीला सुरू झाली. टाकसाळे साहेब, बिडवई सर, कुणीही नारळ फोडायला आलं नाही. मी नको म्हटलं होतं.

त्यानंतर साडेचार वर्षं मी त्या नोकरीत होते. राजीनामा दिला होता, टाकसाळे साहेबांनी तो घेतला नाही. “जाणं सोपं आहे,” एवढंच म्हणाले. मंडळापुढे दर सहा महिन्यांनी मी बसचा अहवाल मांडायचे, गावनिहाय, आणि पहिली ओळ बोरगव्हाणची लिहायचे. त्या ओळीत शून्य असायचं. बाकीच्या सहा गावांतून मुली हळूहळू परत आल्या. बोरगव्हाणातून एकही नाही. त्या अपघातातल्या दोघींनीही नाव काढून घेतलं. एका बैठकीत नव्या सदस्यानं विचारलं, तिथं कुणी चढतच नाही तर थांबा कशाला? मी सांगायला उभी राहिले. सात मिनिटांची वेळ होती, पंचवीस मिनिटं बोलले. कुणी थांबवलं नाही. गावाचा आपल्या शब्दावर विश्वास नाही आणि त्याला कारण मी आहे, हे त्या सदस्याला सांगितलं. थांबा राहिला. टाकसाळे साहेब त्यानंतरच्या वर्षी वारले.

पण त्या सगळ्याआधीचा तो पहिला दिवस मला सांगायचाय.

मी सकाळीच बसमध्ये बसले होते. नवी कोरी गाडी, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. ड्रायव्हर सोपानराव साठीतले, एसटीतून निवृत्त झालेले. इतर गावांतून चार मुली चढल्या आणि मागं जाऊन गप्प बसल्या. बोरगव्हाणच्या फाट्यावर आम्ही आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. थांब्यावर कुणी नव्हतं. सोपानरावांनी एक हॉर्न दिला. टपरीवरची दोन-तीन माणसं बसकडे बघत होती. त्यांनी बघून तोंड फिरवलं.

“निघू का, मॅडम?”

“थोडं थांबा.”

पाच मिनिटं गेली. सोपानरावांनी पुन्हा हॉर्न दिला, यावेळी जरा लांब. मला वाटलं, वाजवू नका म्हणावं. गावाला तो आवाज कसा लागत असेल. पण मी काही बोलले नाही.

तेवढ्यात रस्त्यानं दुर्गा येताना दिसली. भरभर चालत होती, अर्धी पळतच. अंगावर शाळेचा पोशाख, छातीशी पुस्तकं धरलेली. मी उठून दारापाशी गेले. कॉलेजला यायला तिला अजून सहा महिने होते, हे मला माहीत होतं, तरीही त्या क्षणी मला वाटलं की ती येतेय. मी दांडीला धरून हात पुढे केला.

तिनं ती पुस्तकं माझ्या हातात ठेवली. दोन होती. वरती विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे शिक्के.

“ताईनं आणली होती,” ती धापा टाकत म्हणाली. “तारीख होऊन गेली. आई म्हणली, बस आलीय तर देऊन ये. दुसऱ्या कुणाला लागत असतील.”

“दुर्गा, तू शिकायला येशील ना? बारावीनंतर? बस आहे आता. रोज येईल. बघ, आहे ना.”

तिनं बसच्या आत बघितलं. रिकाम्या सीटा, त्यांच्यावरचं ते प्लॅस्टिक. फार बारकाईनं बघितलं.

“मी बाबांना विचारलं होतं,” ती म्हणाली. “परवाच.”

“काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले. रडले.” तिनं ओढणीनं कपाळावरचा घाम पुसला. “आमच्या बाबांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. ताईच्या वेळीपण नाही. मग परत नाही विचारलं मी.”

“दुर्गा—”

“मॅडम, माझी शाळा भरेल,” ती म्हणाली, आणि आली तशीच भरभर निघून गेली.

मी पायरीवर उभी राहिले. सोपानरावांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांनी यावेळी मला विचारलं नाही. मी आत सरकून बसेपर्यंत ते थांबले, मग दार लावून घेतलं आणि गाडी सोडली.